सायटिकाची गोळी आणि दोन आकडे

आज दोनच आकडे लक्षात ठेवा: २.०२ आणि १.९८.

सायटिका म्हणजे कंबरेतली नस दबली की थेट पायात उतरणारी कळ. त्यावर व्हर्टेक्स या अमेरिकन कंपनीने सुझेट्रिजिन ही गोळी तपासली. नसांमध्ये सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात. त्यातलं एक दार ही गोळी बंद करते, म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघायच्या आधीच अडतो. आयडिया भारी आहे ना?

मग ट्रायल झाली. १२ आठवडे काही पेशंटना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लेसिबो. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला. ० ते १० च्या मापावर खऱ्या गोळीवाल्यांचं दुखणं सरासरी २.०२ ने कमी झालं. प्लेसिबोवाल्यांचं? १.९८ ने!

ते खोटं बोलत होते का? अजिबात नाही. दुखणं कधी आपोआप उतरतं, कधी उपचार चालू आहेत या भरवशानेही उतरतं.

गोळी वाया गेली, असंही नाही. या ट्रायलची आखणी दोन गटांच्या थेट तुलनेसाठी नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली, पण थोड्या दिवसांच्या तीव्र दुखण्यासाठी; सायटिकासाठी नाही.

तेव्हा फॅमिली ग्रुपवर ‘महिन्याभरात नस मोकळी’ असं काही आलं, तर एवढंच विचारा: ज्यांनी ते घेतलंच नाही, त्यांना किती फरक पडला?

भेटू पुढच्या भागात!