सोयरीक आणि सहा टक्के



अध्यक्षानं आधी विषयाची थोरवी गायची असते. ती तुम्ही गृहीत धरा, मी थेट सोयरिकीवर येते. आदिलाबादची मुलगी पैनगंगेपलीकडे यवतमाळात द्यायची, वणीची इकडे करून आणायची, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलं आहे. १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. पण मुलीच्या आत्याला कोड आहे एवढं कानावर आलं की ठरत आलेली बोलणी मोडतात. मग आई मुलीला ओपीडीत आणते, बाहेर बसवते आणि एकटीच आत येऊन विचारते, "हिलाही होईल का हो?" आपण त्वचारोगतज्ज्ञ म्हणतो, "सांगता येत नाही."

माझं भांडण या उत्तराशी आहे. पुष्कळ काही सांगता येतं.

कोड असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांत कोडाचं प्रमाण सुमारे ६ टक्के आहे, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कुटुंब-अभ्यासात दिसलं. एरवी समाजात ते १ टक्क्याच्या आतबाहेर असतं. म्हणजे धोका वाढतो, यात शंका नाही. पण शंभरातल्या ९४ भावंडांना कोड नव्हतं, आणि आत्या-भाची हे नातं तर त्याहून लांबचं. त्याच अभ्यासात, एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण २३ टक्केच निघालं. हे आकडे मुख्यतः गोऱ्या कुटुंबांतले आहेत, हेही त्या आईला सांगावं. तिला ते कळतं.

कोडाचं असं एकच एक जनुक नाही. २०१६ पर्यंत धोक्याशी जोडलेल्या जवळपास ५० जनुकीय जागा सापडल्या होत्या. बहुतेक प्रतिकारशक्तीच्या कारभारातल्या: एचएलए, पीटीपीएन२२, एनएलआरपी१. एक टायरोसिनेजची, म्हणजे रंग तयार करणाऱ्या विकराची. उत्तर भारत आणि गुजरातमधल्या रुग्णांवरच्या कामातही एचएलएचेच काही प्रकार जास्त आढळले. भूलतज्ज्ञांना इथलं वेगळं उदाहरण माहीत आहे: वैश्य समाजातल्या काहींना सक्सिनिलकोलीन दिल्यावर श्वास लवकर परत येत नाही. तिथं एक जनुक, एक औषध, सरळ हिशेब. कोडात प्रत्येक जागा चिमूटभर भर घालते. म्हणून लग्नाआधी 'जीन टेस्ट' करून घ्या असं कुणी सुचवलं, तर ते पैसे वाचवायला सांगा.

यातल्या काही जागा थायरॉईडच्या आणि लहानपणीच्या मधुमेहाच्या आजारांतही सापडतात. आत्याच्या हातावरचा डाग सगळ्यांना दिसतो. मावशी रोज सकाळी उपाशीपोटी कसली गोळी घेते, हे बैठकीत कुणी विचारत नाही. आपण मात्र विचारायला हवं, आणि कोडाच्या रुग्णाची थायरॉईडची टीएसएच तपासणी करायला हवी.

शिवाय डाग कुठं उठतो तेही बघा. परकराची नाडी कमरेला काचते तिथं. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉलनं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा ठिपका पडतो. तो सुरुवातीला रसायनाचा असतो, पण पुढं डाग इतरत्र पसरलेले रुग्णही आहेत. जनुकं बदलता येत नाहीत. टिकली बदलता येते, किंवा सरळ कुंकू लावता येतं.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता' संस्थेतून रुग्णांना एकत्र आणलं, २००६ मध्ये कोडावरचा 'नितळ' हा चित्रपटही आला. आपल्याला चित्रपट काढायचा नाही. डॉक्टरनं सोयरिकीत पडू नये, असं काही ज्येष्ठ म्हणतात. पण "सांगता येत नाही" ऐकून घरी गेलेल्या आईचं पुढं काय झालं, हेही त्यांनी एकदा विचारावं. माझी सूचना लहान आहे. नात्यानुसार धोका, थायरॉईडचा प्रश्न आणि हा रोग स्पर्शानं होत नाही हे वाक्य, एवढं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत आणि तेलुगूत छापून घेऊ, खाली डॉक्टरची सही नि शिक्का. मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीआधी त्यावर तुमच्या दुरुस्त्या हव्यात, विशेषतः तेलुगू मजकुरावर.