गोळीची सवय आणि वेशीबाहेरची वस्ती

दारूवर आपण पुष्कळदा बोलतो. आज गोळीबद्दल बोलू.

दिवाळी झाली की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरकडची जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. खाडा पडला की पैसे कापले. मग अंग दुखलं की गोळी. ट्रामाडॉलची गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध ही अफूच्या कुळातली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात, आणि ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे.

सवय लागली आणि गोळी मिळाली नाही, की जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, पाय ओढून येतात, जुलाब लागतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, आणि देवऋष्याकडे नेतात.

मोठ्या घरचं पोरगं नशेत सापडलं तर त्याला गुपचूप पुण्याला दाखवतात. पालावरचं, तांड्यावरचं, बौद्धवाड्यातलं सापडलं तर म्हणतात, ती वस्तीच तसली. नशा एकच, एकाला दवाखाना आणि दुसऱ्याला चौकी! इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारध्यांसारख्या जमाती त्यात घातल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाच्या तोंडातला शिक्का गेला नाही. म्हणून तिथली आई दवाखान्यात खरं सांगायला भिते. तिला हे सांगा : १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन करणारा किंवा थोडीच नशा जवळ सापडलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पुरा केला, तर त्याला खटल्यातून सूट मिळते.

उपचाराने माणसं बरी होतात. पुण्यात गर्द पसरली तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. गर्दही अफूचीच. पण पुणे लांब पडतं. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात दारूत बुडालेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. तो एक आपल्या वेशीबाहेरचा असेल का, तुम्हीच सांगा.

आपले गट बहुतेक एका गल्लीचे, एका जातीचे. मला हे खटकतं, आणि मी ते मीटिंगमध्ये बोलते, कुणाला राग आला तरी. वस्तीत जायचं तर तिथल्याच एखादीला सोबत घ्या. पहिल्या दिवशी नशेचं नाव काढू नका. कारखान्यावरून कधी आलात, लेकरं शाळेत जातात का, एवढंच विचारा. आणि चहा दिला तर प्या. चहाला नको म्हणालात तर पुढचं तुमचं कुणी ऐकणार नाही.

माणसाला खोलीत कोंडून नशा सोडवू नका. रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. गोळी किंवा गर्द काही दिवस सुटली आणि परत पहिल्याइतकीच घेतली, तर श्वास बंद पडू शकतो. गोळीवर दारू तर त्याहून वाईट. माणूस उठवल्यावर उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल, तर त्याला कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा.

नांदेडकरांनी विष्णुपुरीच्या शासकीय दवाखान्यात, लातूरकरांनी विलासराव देशमुख संस्थेच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर विचारावेत. नशामुक्तीचा सरकारी फोन १४४४६, त्याला पैसे पडत नाहीत. जाताना गोळीचं रिकामं पाकीट पदराला बांधून न्या. नाव सांगता आलं नाही तरी डॉक्टरांना त्यावरून कळतं.