घर पाहावें दुरुस्त करून

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारिली, त्याच्या मनांत नवें घर असावें. जुन्या घराच्या दुरुस्तीचा अनुभव त्याला असता, तर म्हणीला आणखी एक चरण जोडल्यावांचून तो राहिला नसता. नवें घर बांधणारा मोकळ्या जागेवर उभा असतो. दुरुस्ती करणाऱ्याचा संसार मात्र त्याच घरांत मांडलेला असतो. एकीकडे गवंड्याची थापी चालते, दुसरीकडे भात शिजत असतो. आणि काम अडलें म्हणजे केवळ काम अडत नाहीं, घरांतील माणसांचे दिवसच अडून राहतात.

पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एका कुटुंबाची हकीकत या दृष्टीनें ऐकण्याजोगी आहे. सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि ऐंशी उलटलेल्या मातोश्री, असें हें तिघांचें कुटुंब. इमारत सुमारें पन्नास वर्षांची. मोरींतील पाणी भिंतींत झिरपूं लागलें, स्वयंपाकघराचा ओटा खचला, तेव्हां निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून ४ लाख रुपये बाजूला काढून दोन्हीं कामें उरकावयाचीं असें ठरलें.

नात्यांतील एकानें कंत्राटदार सुचविला. मनुष्य मोठा गोड बोलणारा. पहिल्याच भेटींत तो मातोश्रींच्या पायां पडला आणि म्हणाला, "काका, तुम्ही अगदीं निश्चिंत असा. घर तुमचें नव्हे, माझेंच समजा." पुढील वर्तन पाहतां, घराविषयीं नव्हे तरी घरांतील पैशांविषयीं त्यानें हें वचन अक्षरशः पाळलें, असें म्हणावें लागतें!

काम उक्तें ठरलें. कागदाच्या एका कपट्यावर एकूण आंकडा लिहिला गेला. फरशी कोणती, नळ कोणते, काम किती दिवसांत पुरें व्हावयाचें, यांपैकीं कांहींच लिहिलें गेलें नाहीं. ज्या गृहस्थांनीं उभ्या नोकरींत टिपणीवांचून एक कागद पुढें सरकूं दिला नव्हता, त्यांना स्वतःच्या घरासाठीं करारनामा मागणें हें अविश्वासाचें लक्षण वाटलें. प्रथम इसारा म्हणून, मग फरशीसाठीं, मग नळांसाठीं, अशी उचल होतां होतां तीन आठवड्यांत २,८०,००० रुपये कंत्राटदाराच्या हातीं गेले. त्यानंतर त्याचें दर्शन दुर्मिळ झालें. मोबाईल कधीं लागेना, लागला तर उचलला जाईना. मजूर गांवीं गेले, मुकादमाच्या घरीं लग्न निघालें, माल वाटेंत अडकला. कारणें मात्र रोज नवीं आणि एकाहून एक सरस.

या काळांत घराची जी दशा झाली, ती सांगावी तेवढी थोडी. ओटा फोडलेला; शेगडी बैठकीच्या खोलींत. मोरींत फरशी बसली होती, पण उतार उलटा. पाणी जाळीकडे न जातां दाराशीं साचे. एके दिवशीं सकाळीं मातोश्रींचा पाय त्याच पाण्यावरून घसरला. दैवयोगानें हाड वांचलें; परंतु त्या दिवसापासून स्वतःच्या घरांत त्या भिंत धरून चालूं लागल्या. त्याच आठवड्यांत खालच्या मजल्यावरील शेजारी वर आले आणि आपल्या छतावर उमटलेला ओलीचा डाग त्यांनीं दाखविला. गृहस्थांना पैसे गेल्याचें दुःख होतेंच. शेजाऱ्यासमोर मान खालीं घालावी लागली, हें त्यांना अधिक लागलें.

असे कंत्राटदार सारेच लबाड असतात असें नव्हे. पुष्कळांची रीत अशी असते कीं, तिसऱ्या घराची उचल घेऊन दुसऱ्याचा माल आणावयाचा आणि दुसऱ्याच्या पैशांतून पहिल्याची मजुरी भागवावयाची. चौथें घर मिळालें नाहीं कीं सारा डोलारा कोसळतो. म्हणूनच झालेल्या कामापेक्षां अधिक पैसा पुढें देणारा घरमालक स्वतःची हानि करतोच. पण कंत्राटदारालाही तोच या खड्ड्यांत ढकलतो.

एका संध्याकाळीं गवंडी दाराशीं येऊन उभा राहिला. तीन आठवड्यांची मजुरी त्याला मिळाली नव्हती. "तो हिशेब तुझा आणि तुझ्या मालकाचा," असें गृहस्थ म्हणणार, तोंच पत्नीनें चहा पुढें केला आणि म्हटलें, "त्याच्या घरींही चूल आहे." चहा घेतां घेतां गवंडी खालच्या मानेनें बोलला, "वहिनी, फरशी बसवण्याआधीं पाणी तुंबवून पाहूं म्हटलं होतं मीं. मालक म्हणाले, तेवढा वेळ नाहीं."

साऱ्या बिघाडाचें मर्म या एका वाक्यांत होतें. मोरीला जलरोधक थर दिल्यावर, फरशी बसविण्यापूर्वीं, निचऱ्याचें तोंड बंद करून एकदोन दिवस पाणी तुंबवून ठेवावयाचें आणि खालीं ओल येते कीं काय तें पाहावयाचें, ही साधी परीक्षा आहे. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावें लागतें. घाईचा कंत्राटदार नेमके हेच दिवस चोरतो; कारण ते फरशीखालीं झांकले जातात.

दुसऱ्या दिवशीं गृहस्थांनीं एका जाणत्या अभियंत्याला बोलाविलें. त्यानें छायाचित्रें घेतलीं, मोजमापें केलीं आणि टिकाऊ कामाची किंमत १,१०,००० रुपये ठरविली. म्हणजे १,७०,००० रुपये कामावांचून गेले होते. स्वयंपाकघर मोठें करण्यासाठीं मधली भिंत पाडण्याचा कंत्राटदाराचा बेतही त्यानें तत्काळ थांबविला. घाटकोपर येथें २५ जुलै २०१७ रोजीं चार मजली इमारत कोसळून सतरा माणसें दगावलीं. तळमजल्यावरील फेरफारांत आधाराचे खांब दुबळे झाले, असा आरोप तेव्हां पुढें आला होता. कोणती भिंत नुसता आडोसा आणि कोणती भार वाहणारी, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं.

मग नोंदणीकृत टपालानें नोटीस गेली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें तोंडी करारही करारच होय. परंतु तो सिद्ध करतांना नाकीं नऊ येतात. येथें बँकेंतील नोंदी, मोबाईलवरील निरोप आणि अभियंत्याचें मोजमाप यांनीं हात दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें मोबदला घेऊन केलेल्या अशा कामांतील न्यूनतेबद्दल राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं, वकीलही सक्तीचा नाहीं. नोटीस पोंचतांच कंत्राटदार प्रथम संतापला, मग नातेवाइकाला घेऊन आला आणि ९०,००० रुपये तीन हप्त्यांत परत करण्याचें त्यानें लिहून दिलें. दोन हप्ते आले. तिसऱ्यासह उरलेल्या रकमेसाठीं आयोगाकडे तक्रार दाखल झाली आहे.

हातांत आतां १,८०,००० रुपये होते. तेवढ्यांत सारें होणें नव्हतें. म्हणून मोरी आधीं, असें ठरलें. तोच गवंडी रोजंदारीवर आला. या वेळीं काय करावयाचें, कोणत्या मालाचें आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे द्यावयाचे, हें एका पानावर लिहून दोघांनीं सह्या केल्या. लिहिण्याचा त्याला राग आला नाहीं; उलट आपली मजुरी बुडणार नाहीं याची त्याला शाश्वती वाटली. जुनी फरशी उखडली, नवा थर दिला, दोन दिवस पाणी तुंबविलें. खालचे शेजारी स्वतः छत पाहून गेले. ओट्याला ग्रॅनाईटऐवजीं साधा कडाप्पा बसला आणि कपाटें पुढल्या वर्षावर गेलीं.

लेखी करार म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसांतील विश्वास दोघांच्याही स्मरणांत सारखाच राहावा, एवढ्यासाठींच तो असतो. जो कंत्राटदार लिहून देण्यास कचरतो, त्यानें आपलें उत्तर आधींच दिलेलें असतें.

काम पुरें झालें त्या दिवशीं मातोश्रींनीं मोरीच्या दाराशीं उभें राहून तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलें. पाणी सरळ जाळीकडे वाहत गेलें. तें शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनीं पाहिलें, आणि मग भिंतीचा हात सोडून त्या आंत गेल्या.