बोर्डाचं नाव बिलावर हवं

रॅम म्हणजे काय, प्रोसेसर काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. आपल्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा हिशेब असो की सेवा केंद्रातला दाखला, काम संगणकावरच होतं आणि तो मंदावला की पहिला सल्ला मिळतो, ‘रॅम टाका.’ माझं म्हणणं, आधी मदरबोर्ड बघा. पैसे सुट्या भागाला जातात, पण तो चालणार की नाही हे बोर्ड ठरवतो. 2011 साली आलेल्या एच-61 चिपसेटच्या बोर्डांवर डीडीआर-3 रॅमच बसते, तीही कमाल 16 जीबी. डीडीआर-4 ची खाच वेगळ्या जागी, व्होल्टेजही दीडऐवजी 1.2. जोर लावून बसवाल तर पट्टीही जाईल आणि स्लॉटही. साटा एसएसडी मात्र याच जुन्या बोर्डावर सुखाने चालते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं.

कोणी म्हणेल, सॉकेट जुळलं की झालं. खरी फसगत इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीचा संगणक असलेल्याला वाटतं, दोन्हींचं सॉकेट 1151, मग प्रोसेसरच बदलू. पण 2017 मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने सॉकेटचा आकार तोच ठेवून काही पिनांची कामं बदलली आणि 300 मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो, संगणक सुरू होत नाही. उलट एएमडीने एएम-4 सॉकेट अनेक वर्षं चालवलं. तिथे बी-450 बोर्डावर रायझन 5000 चालतो, पण जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अद्ययावत करून घ्यावं लागतं. सॉकेट तेच राहूनही या दोन तऱ्हा, आणि दोन्हींचं उत्तर बोर्डाच्या मॉडेलवरच मिळतं.

मागून आवाज येतोय, ‘हे दुकानदाराला कळतं की!’ सभागृहातल्या दुकानदार मित्रांनी रागावू नये, माझी तक्रार त्यांच्यावर नाही. गिऱ्हाइकाने नुसतं ‘जुना डेल आहे’ सांगितलं तर जाणकारही अंदाजच करणार. शिवाय काही ब्रँडेड संगणकांत वीजपुरवठ्याचा प्लगसुद्धा वेगळा असतो. ‘मग नवाच घ्या’ हेही उत्तर नव्हे. चालू संगणक भंगारात काढण्याइतका पैसा आपल्या शाळांकडे नाही. वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कृतीचं तेवढं सांगतो. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीतलं नाव लिहून घ्या आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याला कोणते प्रोसेसर, कोणती रॅम चालते ते वाचा. भोकरदनला किंवा छत्रपती संभाजीनगरला खरेदीला निघायचं ते त्यानंतर. आणि नवा संगणक घेताना बोर्डाचं पूर्ण मॉडेल बिलावर लिहून मागा. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या डेडस्टॉक रजिस्टरात तीच नोंद करा. उद्याच सुरुवात करा, एवढी विनंती.