निवृत्तीचे तीन निरोप



बदली ही आपणां परप्रांतस्थ मराठी मंडळींच्या पाचवीलाच पुजलेली. नव्या गावी उतरताच मुलांची शाळा पाहावी, दूधवाला ठरवावा आणि मराठी मंडळाचा पत्ता काढावा, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र ज्या अखेरच्या बदलीची तारीख जन्मतारखेवरून आधीच ठरलेली असते, तिचीच तयारी आपण करीत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत निवृत्तीचे वय १९९८ साली ५८ वरून ६० झाले. मुदत दोन वर्षांनी वाढली. विचार करावयाचा तो राहिलाच.

आमच्या मते निवृत्ती हा एक निरोप नसून तीन आहेत: कामाचा, घराचा आणि माणसांचा. सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या कुटुंबावर हे तिन्ही एकदमच कोसळतात. ते शक्य तितके वेगवेगळे घ्यावेत, इतकेच आमचे सांगणे.

कामाची सोय नोकरीत असतानाच करावी. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरीस होते. रियासतीचे लेखन त्यांनी त्याच काळात आरंभिले. निवृत्तीनंतर ते पुण्याजवळ कामशेतला राहिले आणि पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले. गाव बदलले, व्यासंग तोच राहिला. आपला व्यासंग लहान असेल. पण तो निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी शोधू म्हटल्यास सापडत नाही.

घराच्या बाबतीत घाई नसावी. गावी निदान एक वर्ष भाड्याने राहून, एक पावसाळा काढून मगच विकत घ्यावे. १ जानेवारी २००४ पूर्वी केंद्रीय सेवेत आलेल्यांना निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येते. परंतु तेवढी रक्कम दरमहा कमी होते व पंधरा वर्षांनीच पूर्ववत होते. ती सारी एका सदनिकेत गुंतविण्यापूर्वी दहादा विचार करावा. निवृत्तिवेतन देशात कोठेही घेता येते. २०१४ पासून हयातीचा दाखलाही घरबसल्या देता येतो. तेव्हा पैशासाठी गाव सोडण्याची वा धरण्याची गरज नाही. केंद्रीय आरोग्य योजनेचे केंद्र मात्र नव्या गावी आहे की नाही, हे आधी पाहावे.

तिसरा निरोप सर्वांत अवघड, आणि तो बहुधा गृहिणीच्या वाट्यास येतो. परक्या भाषेत तिने शेजार जोडला, हळदीकुंकू रुजविले, अडीअडचणीला धावणारी माणसे मिळविली. "आता आपल्या गावी जायचे" हे तिला सांगितले जाते, विचारले जात नाही. तीस वर्षांनंतर तिचे गाव कोणते, हा प्रश्न तिलाच विचारावा. निवृत्तिवेतनाचे खाते दोघांच्या नावे करावे आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिच्या नावाची नोंद बिनचूक आहे ना, हे तिच्यादेखत पडताळावे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळास आमची एक विनंती आहे. ज्यांच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत, अशांची दरवर्षी एक बैठक भरवावी. परत गेलेले, येथेच राहिलेले आणि जाऊन पुन्हा आलेले, या तिघांचेही अनुभव तेथे ऐकविले जावेत. आमंत्रण मात्र पतिपत्नी दोघांना असावे.