लुकलुकणारी बॅटरी

आमच्या यावलकडे केळीला पाणी द्यायचं तर वीज पुष्कळदा रात्रीचीच. लहानपणी मी घराच्या धाब्यावर झोपायचो. दूर मळ्यात एखादा उजेड सरकताना दिसे, माणूस दिसत नसे. अब्बांच्या बॅटरीचे सेल ढिले होते. ती मध्येच विझे, पुन्हा लागे. त्यावरून मी त्यांना ओळखायचो.

जिवंत पेशीतलं एकेकटं प्रथिन शास्त्रज्ञ असंच पाहतात. प्रथिन असतं काही नॅनोमीटरचं; मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाही. म्हणून त्याला एक प्रकाशणारा कण बांधायचा आणि त्या उजेडाचा माग काढायचा.

या कामातले नावाजलेले कण म्हणजे क्वांटम डॉट. द्रव्य तेच, पण कण लहान असला तर उजेड निळसर, मोठा असला तर तांबडा! त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नेहमीचे चमकते रंग काही सेकंदांत विटतात, हे कण कितीतरी मिनिटं टिकतात. २००३ साली मॅक्सिम दाहां आणि त्यांच्या पॅरिसमधल्या सहकाऱ्यांनी चेतापेशीवरच्या ग्लायसिन ग्राहकाला असा कण बांधला. एक चेतापेशी दुसरीला जिथे निरोप देते, त्या जागेत हे ग्राहक येत-जात असल्याचं त्यांना दिसलं.

आणि हे कण लुकलुकतात. कण एकटा असेल तर उजेड पार जातो, मग परत येतो. घोळक्यातला एक विझला तर पत्ताही लागत नाही. म्हणजे जो दोष वाटावा, तीच एकटेपणाची खूण.

खरी अडचण वेगळीच आहे. लेपासकट हा कण प्रथिनाहून मोठा होऊ शकतो. मग ते प्रथिन आपल्या चालीनं चालतं, की ओझ्याच्या? शिवाय पुष्कळ कणांत विषारी कॅडमियम असतं, म्हणून वर कवच चढवावं लागतं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगळूरला सहकाऱ्यांसह लहान दिवे वापरले, प्रकाशणारे रेणू. शेजारी-शेजारी आलेल्या रेणूंचा उजेड बदलतो, त्यावरून पेशीच्या पडद्यावरची काही प्रथिनं फार तर चार-चारच्या टोळक्यात असतात, असं त्यांनी २००४ मध्ये दाखवलं.

अब्बांची बॅटरी पितळी होती, तीन सेलची, चांगली जड. ती एका हातात, म्हणून फावडं दुसऱ्या एकाच हातानं चालवावं लागे. धाब्यावरून मला ते कधी दिसलं नाही.