पेशी सरकल्या, की नुसत्याच वाढल्या?

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. आजचा भाग खास एमएस्सी बायोटेकवाल्या पोरापोरींसाठी.

प्रोजेक्टचा लाडका प्रयोग म्हणजे स्क्रॅच असे. पुण्याच्या एनसीसीएसमधून पेशी मागवायच्या, प्लेटमध्ये त्यांचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने मधोमध रेघ ओढायची. एक फोटो लगेच, दुसरा २४ तासांनी. रेघ बुजली की आपण लिहून मोकळे : या अर्काने जखम भरते!

जरा थांबा. रिकाम्या प्लॉटवर वस्ती झाली, तर माणसं बाहेरून आली की शेजारच्याच घरांत पाळणे हलले? रेघेचंही तसंच. पेशी सरकूनही ती बुजते आणि विभाजनानेही. म्हणून विभाजन रोखायचं : सीरम कमी करा किंवा मायटोमायसिन-सी वापरा. त्याचा डोस मात्र आधी तपासा, जास्त झाला तर पेशीच मरतात. आणि अर्क ज्या द्रावकात विरघळवलात, नुसतं ते द्रावक घातलेली प्लेट शेजारी हवीच.

आता फोटो किती वेळाने काढायचे? क्रांती चौकातून गुलमंडीला रिक्षा निघाली. फोटो दोनच, निघताना आणि पोचल्यावर. मधे ती पैठण गेटला थांबली की औरंगपुऱ्यातून वळसा घेऊन आली, कसं कळणार? एकेका पेशीचा माग काढायचा तर तिचा वेग बघा. न्यूट्रोफिल मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर पळते, तिला काही सेकंदांनी टिपावं लागतं. फायब्रोब्लास्ट बरीच संथ, तिला ५-१० मिनिटांनी टिपलं तरी चालतं. जागा तीच राहावी म्हणून प्लेटच्या तळाला मार्करने खूण करा.

शेवटचं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच पातेल्यातल्या भाताची. एका प्लेटमधल्या १०० पेशी म्हणजे १०० प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशींवर किमान तीनदा करा. मोजणाऱ्याला कुठली प्लेट कशाची, ते सांगू नका.

हे सगळं पेशी मागवण्याआधी कागदावर उतरवा. मार्क तर मिळतीलच हो. पण ‘जखम भरते’ हे दोन शब्द वाचून उद्या कुणी मधुमेहाने चिघळलेल्या पायावर तो लेप लावेल. त्याच्यासाठी तरी रेघ कशाने बुजली, ते आपल्याला ठाऊक हवं.